दाराजवळच्यांनी आधी बोलायचं

१ फेब्रुवारी १९९४, मंगळवार

नानांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं. झटका आल्यापासून उजवा हात उठतच नाही त्यांचा. खोलीत आम्ही तिघंच होतो, पॅकिंगचे खलीलभाई, स्टोअरचे रेड्डी आणि मी. त्या दोघांना लगेच कळलं. मी मात्र मागं वळून पाहिलं, कोण आहे म्हणून. मागं भिंत.

म्हणजे युनियनची अध्यक्ष आता मी. साहेबांनी घंटी वाजवली की जिचा कागद मशीनमध्ये तिरका जातो, ती टायपिस्ट.

नल्लकुंट्याला नानांच्या घरून निघाले ती बसभर त्यांचाच विचार. तरुणपणी गावची विहीर आपल्या लोकांना उघडी करताना नानांचं डोकं फुटलं होतं, टाक्यांची खूण अजून कपाळावर आहे. हैद्राबादेत औषधांच्या कारखान्यात लागल्यावर कँटीनच्या आणि झाडूच्या बायकांना त्यांनी युनियनमध्ये घेतलं, तेव्हा आमच्याच पर्मनंट लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. त्या माणसाच्या जागी मी!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, नाही म्हणून सांग. वाचा गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते मात्र सांगितलं नाही.

३ फेब्रु., गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच घाबरले.

मार्चपासून कँटीन आणि सफाई ठेकेदाराकडे. कँटीनची यादम्मा आणि तिच्या सगळ्या बायका घरी. पर्मनंट लोकांना पगारवाढ, पण युनियनच्या अध्यक्षानं करारावर सही केली तर. म्हणजे मी. साहेब फार गोड बोलत होते. जग बदलतंय म्हणे, बाहेरच्या कंपन्या येतायत, आता कारखान्यानं औषधं बनवायची की भात शिजवायचा? शेवटी सहज म्हणाले, विशाखापट्टणम ऑफिसला टायपिस्टची जागा रिकामी आहे.

तो करार टाइप करायलाही मलाच दिला. केला.

५ फेब्रु., शनिवार

काचीगुड्याच्या स्टॉपवर एक पांढऱ्या शर्टाचा माणूस येऊन उभा राहिला. ठेकेदाराचा. नमस्कार केला, अगदी अदबीनं. मग म्हणाला, "मॅडम, बच्ची नारायणगुडे के स्कूल को जाती ना आपकी? रस्ता अच्छा नहीं है उधर का."

बस आली, गेली. मी तिथंच. पुढच्या बसमध्ये बसल्यावर कळलं की भलत्याच बसमध्ये बसले.

ह्यांना सांगितलेलं नाही. मंजूला तर नाहीच. ती आत्ता मागून डोकावून गेली, काय लिहितेस मम्मी म्हणून. पोरगीला इंग्लिश येतं, तेलुगू येतं, आईचं मराठी अक्षर लागत नाही. आज ते बरंच वाटलं.

उद्या मीटिंग. नानांची रीत पक्की लक्षात ठेवायची. चहा आला की किटली अध्यक्षानं घ्यायची, पहिला कप दाराजवळच्याला द्यायचा. ज्याच्या हातात पहिला कप, त्यानं आधी बोलायचं. अध्यक्षानं सगळ्यात शेवटी. गावच्या हॉटेलात नानांच्या वडलांना दाराबाहेर बसवून कान तुटलेल्या कपात चहा देत. म्हणून नानांच्या मीटिंगची सुरुवातच दारातून. सोपं आहे. नुसतं गप्प बसायचंय.

६ फेब्रु., रविवार

जमलं की! शाळेचा हॉल भरला होता. खिडकीतून पाहिलं तर समोर पानाच्या ठेल्याशी पांढरा शर्ट. चहाला उशीर होत होता, लोक चुळबुळत होते, आणि मला वाटलं आत्ता बोलले नाही तर कधीच बोलता येणार नाही. उभी राहिले नि एका दमात बोलून टाकलं. सही नाही, उद्यापासून नोटीस, पंधरा दिवसांत संप. माझाच आवाज मला ओळखू येईना.

मग टाळ्या. सगळे हात वर. यादम्मा तेवढ्यात किटली घेऊन दारात आली, तिनंही मोकळा हात वर केला. रेड्डी म्हणाले, मॅडम, शेरनी!

घरी येऊन मंजूला दोन वेळा जवळ घेतलं. भीती आहेच, पण आज तिच्या उरावर बसले.

८ फेब्रु., मंगळवार

नानांकडे गेले. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला.

सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या सूनबाईंनी उशी सरळ केली. मग फार कष्टानं, ओठ एका बाजूला ओढून त्यांनी एकच शब्द काढला.

"यादम्मा?"

मी म्हटलं, तिनंही हात वर केला, नाना. त्यांनी मान हलवली, नाही. परत तेच. यादम्मा काय म्हणाली, असं विचारत होते. आणि मला सांगता येईना. ती काहीच म्हणाली नव्हती. मी बोलले तेव्हा ती हॉलमध्येच नव्हती, आमच्यासाठी चहा उकळत होती.

चहा येण्याआधीच बोलून बसले मी. एवढी एक साधी गोष्ट.

९ फेब्रु., बुधवार

दुपारी जेवणं उरकल्यावर कँटीनच्या मागं गेले. यादम्मा भांडी घासत होती. म्हटलं, त्या दिवशी तुला काय वाटलं ते सांग. आधी हसली. नक्को अक्का, आप बोल दिये ना, हो गया. सोडलंच नाही तेव्हा हात धुऊन समोर बसली.

"अक्का, आप हाथ उठाये तो मैं भी उठाई. लेकिन हड़ताल हुई तो तुमे लोगां वापस आते. हमारी जगा पे दूसरे दिन ठेकेदार के लोगां बैठते. हमकू कौन वापस लेता?"

तेलुगूत काहीतरी पुटपुटून परत भांड्यांशी गेली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. असता तर बरं झालं असतं.

तिच्यासाठीच संप, आणि तो तिलाच आधी बुडवणार. आणि मी शेरनी!

११ फेब्रु., शुक्रवार

खलीलभाई आणि रेड्डींना सांगितलं, संपाचं तोवर थांबवायचं, मीटिंग परत घ्यायची. उद्यापरवा रमजान लागतोय, त्यात परत मीटिंग, तरी खलीलभाई नाही म्हणाले नाहीत. रेड्डींनी मात्र दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "साहेबांनी काय दिलं, मॅडम?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. परवा संप, आज माघार.

संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं. विशाखापट्टणमची बदली रद्द करून घेतली म्हणे हिनं. रोज माझ्याबरोबर जेवणारी रजिस्टरवाली बाई तर डबासुद्धा दुसरीकडे घेऊन गेली. साहेबांचा शिपाई तेवढा हसून नमस्कार करत होता, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

१४ फेब्रु., सोमवार

मंजू शाळेतून वेळेवर आली नाही.

हे दुकानात. मी नारायणगुड्यापर्यंत धावत गेले, चपलेचा अंगठा तुटला. फाटक बंद. वॉचमन म्हणाला, सगळी मुलं गेली. पांढऱ्या शर्टाचे किती पुरुष असतात रस्त्यावर, कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येकाचा चेहरा बघत होते. एकाला तर मी हटकलं, तो बिचारा भाजी घेत होता.

मैत्रिणीकडे होती. त्यांच्याकडे केबल आलंय, सगळ्या पोट्ट्या गाणी बघत बसलेल्या. घरी आणून तिला एक ठेवून दिली नि मग मीच रडायला लागले. तेव्हा ह्यांना सगळं सांगावं लागलं, स्टॉपवरचं, शाळेचं, सगळं.

फार चिडले. सोड हे, आत्ताच्या आत्ता राजीनामा लिहून दे. मी म्हटलं, देते. खरंच द्यायचं ठरवलं होतं. कागद काढला, नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि पुढं सरकेना. यादम्माचं बोलणं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे? रेड्डी ऐकणार नाहीत. रविवारपर्यंत थांबा म्हटलं ह्यांना. ते उठून बाहेर जाऊन बसले.

२० फेब्रु., रविवार

निम्माच हॉल. मला बघून दोघंतिघं उठून गेले.

सकाळी बुद्धवंदना घेताना नुसतं एवढंच मागितलं, तोंड बंद राहू दे.

आज किटली यादम्माच्या हातातून मी काढून घेतली. तिला दाराजवळ बसवलं, पहिला कप तिला. ती उठायला लागली, अक्का, ये क्या करते. बाकीच्यांना चहा वाटला. खलीलभाईंचा रोजा, त्यांनी कप पुढं सरकवला. मी जाऊन खाली बसले.

शांतता. फार वाईट असते ती. कुणी खाकरलं. मागून कुणीतरी म्हणालं, प्रेसिडेंट बोला की. माझ्या जिभेवर शब्द येऊन बसले होते, पदराचं टोक दातात धरलं. यादम्मा कपाकडे बघत होती. आता हिनं नाहीच तोंड उघडलं तर? सगळं माझ्यावर. मग ती उभी राहिली, कप हातातच.

आधी तेलुगूत बोलली, रेड्डी ऐकत होते. मग आमच्यासाठी परत सांगितलं. संप नक्को. आम्ही काम सोडणार नाही, सोडलं की गेलंच. पण तुम्ही सही करू नका. आमचं नाव करारात येईपर्यंत तुमची वाढ थांबवा. थांबवता का?

हे कुणालाच नको होतं. मलाही. संप म्हणजे दोन दिवस घोषणा. वाढ थांबवणं म्हणजे घरी जाऊन सांगणं. मंजूच्या शाळेची फी, ह्यांचं दुकान, सगळं डोळ्यांपुढून गेलं. रेड्डी म्हणाले, हिला हे आधी का नाही विचारलं? कुणाकडे न बघता म्हणाले, पण मला लागलं. मग प्रत्येकजण बोलला, भांडणं झाली, चहा निवला. मी शेवटी. बोलायला फार काही उरलंच नव्हतं.

हात वर झाले, सगळे नाहीत. पण जे झाले ते विचार करून.

२१ फेब्रु., सोमवार

साहेबांकडे चौघं गेलो, यादम्मासकट. शिपायानं दारातल्या बाकावर बसवलं. दिवसभर. आत फोन वाजत होता, हसणं ऐकू येत होतं. पांढरा शर्ट आमच्यासमोरून आत गेला, बाहेर आला, जाताना म्हणाला, मंजू बेटी ठीक है ना. नावानिशी. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

यादम्मानं विचारलं, "अक्का, भय?" म्हटलं, हौ. "मेरेकू भी," म्हणाली नि सरकून मला चिकटून बसली.

संध्याकाळी निरोप आला, उद्या या.

उद्यापासून मंजूला शाळेत सोडायला आणायला हे जाणार आहेत. मी विचारलं नव्हतं. जेवताना ताटात बघत म्हणाले.

उद्या परत तोच बाक. आत घेतलं तर आधी यादम्मा, मग रेड्डी, मग खलीलभाई. मी शेवटी. तोपर्यंत दातखीळ बसली नाही म्हणजे मिळवली.