लांब नावाची चाचणी

३ मार्च
शेवटी दाखल्याचं काम माझ्याच गळ्यात! मृत्यूचा दाखला. नगरपालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाने माहिती भरायची, आम्ही जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने ती साच्यात बसवायची आणि पीडीएफ करून छापायला सोडायची. साहेबांची एकच अट — सगळं एका पानात. "माणूस एकदाच मरतो, त्याला दोन पानं कशाला?" स्वतःच हसले.

५ मार्च
नाव कापलं जातंय. चौकटीत मजकूर मावला नाही की प्रोग्राम उरलेला गुपचूप गिळतो. चूक म्हणून दाखवतही नाही, मेला! चाचणीला लांबात लांब नाव हवं होतं. घरातच आहे की — बाबांचं! त्यांचं लांब, आजोबांचं त्याहून लांब, वर आमचं आडनाव. शाळेत हजेरी घेताना मास्तर मध्ये श्वास घ्यायचे म्हणे. मृताच्या ओळीत तेच टाकलं. अर्धंच छापलं गेलं.

८ मार्च
अक्कल गहाण ठेवली होती मी. तपासायला म्हणून ती प्रिंट घरी आणली आणि आईने पाहिली. वीस तारखेला बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि त्यांच्या नावाचा दाखला जेवणाच्या टेबलावर!
"जिवंत माणसाचं नाव असल्या कागदावर? हात कसा धजला तुझा?" फाडायला घेतला. फाडवेना — नाव होतं ना त्यावर. शेवटी घडी घालून कपाटात साड्यांखाली ठेवला.
बाबांना मात्र गंमत वाटली. चष्मा लावून म्हणाले, "आडनाव कुठं गेलं? मेल्यावर तरी पुरं लिहा की!"
धाकटा लगेच, "ताई, माझं टाक. दोन अक्षरांत काम फत्ते."
"तुझं फुसकं नाव चाचणीला काय कामाचं?" मी म्हटलं. आई सोडून सगळे हसलो.

११ मार्च
जमलं एकदाचं. मृताच्या नावाची चौकट आता नावाप्रमाणे खाली वाढते. पण ती वाढली की सही-शिक्का दुसऱ्या पानावर! साहेबांनी प्रिंट परत केली. मग बाकीच्या चौकटी — पत्ता, वडील, आई, ठिकाण — सगळ्या आवळून पक्क्या केल्या. त्यांत मनाला येतील ती छोटी नावं टाकून पाहिली. मावली. बसलं एका पानात!

१५ मार्च
आईचं बोलणं डोक्यातून जात नाही. मी असलं काही मानत नाही. तरी आज चाचणीतून बाबांचं नाव पुसलं, सगळीकडून. साचा मंजूर झाला, खिडकीवर गेलासुद्धा. आनंद वाटायला हवा होता.

२० मार्च
दवाखाना. आई आणि मी बाकावर. धाकट्याच्या येरझाऱ्या. त्याने चहा आणला, कुणी प्यायला नाही. डोळे मिटले की मला ते छापलेलं नाव दिसायचं. देवा, माझ्या हाताने काही होऊ नये — एवढंच घोकत होते.
डॉक्टर बाहेर आले. "नीट झालं."
आई तिथेच रडायला लागली. धाकट्याने मला कोपर मारलं, "बघ, तुझा दाखला फुकट गेला!"

२९ मार्च
बाबा घरी आले. भाजीत मीठ नाही म्हणून चिडचिड चालू आहे, म्हणजे बरे आहेत! धाकट्याने मोटारसायकल पुसून ठेवलीय, बाबा बरे झाले की त्यांना फिरवून आणणार म्हणतो.

३० मार्च
आईने कपाटातला कागद काढून दिला. "आता तूच फाड." फाडला. जीव भांड्यात पडला.

१६ एप्रिल
धाकट्याचा दाखला आणला. मोटारसायकल. ट्रक. त्यापुढचं लिहवत नाही.
मृताच्या ओळीत त्याचं नाव नीट, ऐसपैस बसलंय. खाली वडिलांच्या ओळीत बाबा अर्धेच. आजोबांच्या नावात कुठेतरी तुटलेत. ती चौकट मीच आवळली होती.
"उद्याच दुरुस्त करते," मी म्हटलं.
बाबांनी चष्मा लावला. दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.
"राहू दे. बरोबर छापलंय."