आण्णांना वाचता येईल असं पान

२ फेब्रुवारी, सोमवार. सांगली
वेब डिझाइनच्या ऑनलाइन वर्गातल्या मॅडमनी गृहपाठावर शेरा मारलाय. "पान सुंदर आहे. पण वाचणाऱ्याला अक्षर मोठंही करता येत नाही." करता येऊच नये म्हणून तर मी ते बंद केलंय! अठरा वर्षं प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवतेय. पत्रिका कुणी बोटांनी ओढून मोठी करतं का? मी बसवलेल्या ओळी कुणी ताणल्या की माझं मस्तक फिरतं.

५ फेब्रु., गुरुवार
आण्णांचा फोन. गावच्या माजी सैनिक संघटनेची वेबसाइट मीच करायची. चिटणीस ते स्वतः, त्यामुळे विचारणं वगैरे नाही, हुकूमच. रविवारी २२ला सभा, तिथं उद्घाटन. "मंगे, अक्षरं साधी ठीव. लय नक्षी नगं." माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, त्यांना नक्षीतलं काय कळतंय. म्हटलं, बघते.
संघटनेचा मजकूर प्रेसमध्ये मीच टाइप केलेला, जुन्या फाँटमधला. वेबवर टाकला की नुसता कचरा दिसतो. मग आपली नेहमीची युक्ती. छपाईला देताना अक्षर बदलू नये म्हणून आम्ही मजकुराचं चित्रच करून टाकतो. तसंच केलं. सूचना, पेन्शनच्या कागदपत्रांची यादी, शहिदांची नावं, सगळी चित्रं. आता कुणाच्याही मोबाइलवर माझं अक्षर माझंच राहणार.

१० फेब्रु., मंगळवार
मॅडमना पान दाखवलं. म्हणे, "सगळं तुमच्याच ताब्यात ठेवलंत. वाचणाऱ्याच्या हातात काय दिलंत?"
मी लिहिलं, "वाचायला दिलंय." पाठवून टाकलं. नंतर वाईट वाटलं, पण थोडंच.

१५ फेब्रु., रविवार. गावी
विट्याला गाडी बदलून म्हसवड, तिथून वडापची जीप. वहिनी आत चहा टाकत होती. भाऊ परगावी ड्युटीवर, घरात ही आणि आण्णा दोघंच.
आण्णा ओट्यावर, एका कानात मोबाइलच्या इअरफोनची वायर. पान उघडून त्यांचा मोबाइल हातात दिला. बोट वरून खाली फिरवत राहिले.
"झकास."
काय आवडलं? "समदंच." शहिदांच्या नावांमागं तिरंग्याची पट्टी टाकलीय, ती कशी वाटली?
"ती कवा टाकलीस?"
पट्टी त्यांच्या हातातल्या मोबाइलवरच होती. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यांच्या कानातली वायर काढून माझ्या कानाला लावली. आतली बाई म्हणत होती, इमेज. इमेज. इमेज.
मग आण्णांनी हळू आवाजात सांगितलं. काचबिंदू. दीड वर्ष झालं. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं नळीतनं बघितल्यागत दिसतं. मोबाइल वाचून दाखवतो त्यावर चाललंय. सभेची नोटीस साइटवर आली तर आपली आपण ऐकता येईल, म्हणून हा सगळा घाट घातला. मला सांगितलं का नाही?
"तू सुनंला सांगितलं असतंस. मग संघटनेचे कागद तिनं वाचायचे न मी ऐकायचं. त्यात बायाबापड्यांच्या घरातलं काय काय असतंया. आन् अध्यक्षाला कळलं की चिटणीसाचं दप्तर गेलं."
अठरा वर्षं दुसऱ्यांनी वाचावं म्हणून अक्षरं जुळवली आणि माझ्याच बापाला कोरा कागद दिला. एसटीत रडले. शेजारच्या बाईनं खिडकी हवी का विचारलं.

१६ फेब्रु., सोमवार. सांगली
मॅडमना सरळ सगळं लिहिलं. मी टोमणा मारला होता, त्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. एवढंच: चित्रं काढा, मजकूर मोबाइलला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये परत टाइप करा, मोठं करायची सोय उघडा. मग डोळे मिटा, मोबाइलला वाचायला सांगा, आणि स्वतःच्या पानावर एक सूचना शोधून दाखवा.
सहा दिवस उरलेत. प्रेस सांभाळून.

१८ फेब्रु., बुधवार
जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून बसले. पेन्शनची यादी सापडेना. मेनूतल्या मेनूत अडकले, बाहेरच पडता येईना. तो मेनू मी तीन दिवस खपून केला होता. काढून टाकला.
संध्याकाळी नवं पान ऐकून आण्णांचा फोन.
"हव म्हंजी कोण गं?"
हव. म्हणजे हवालदार. स्मारकाच्या दगडावर आहे तसंच उतरवलं मी. हव. रा. बा., ना. द. शं.
"दगडावर जागा न्हवती बाय. तुझ्याकडं हाय न्हवं? माणसाचं नाव पुरतं लिही."
अकरा नावं. हुद्दा, नाव, वडलांचं नाव, आडनाव. सगळी आण्णांनी तोंडपाठ सांगितली.

२० फेब्रु., शुक्र.
अध्यक्ष सुभेदार काकांचा मला फोन. "मंगल, हवालदाराच्या सह्या हल्ली ओळीबाहीर जात्यात. बरं हाय न्हवं?"
"चष्मा बदलायचाय," म्हटलं. खोटं बोलले.
उद्घाटनाला नावं चिटणीसच वाचणार, असं ठरलंय. आण्णा कानात ऐकून मागोमाग बोलणार. सांगून टाका म्हटलं तर खवळले. "सभेत मी वाचनार. बास." फोनवर चार वेळा सराव केला. बाई वाचते, हे म्हणतात. जमतंय. पण बाई थांबत नाही, आणि वायर सावरण्यात त्यांना मोबाइलवर दोनदा टिचकी मारून थांबवणं जमेना. भीती वाटते.

२२ फेब्रु., रवि. गावी
शाळेच्या हॉलमध्ये सभा. सगळे उभे. आण्णांनी मोबाइल तोंडासमोर धरला. पाच नावं खणखणीत. सहावं नायक दत्तात्रय शंकर. आण्णा आणि तो एकाच दिवशी भरती झालेले. आडनाव आण्णांच्या तोंडून निघेना. कानात बाई पुढं गेली असणार.
सुभेदार काका म्हणाले, "हवालदार, चष्मा देऊ का माझा?"
मी उठणार होते. तेवढ्यात आण्णांनी वायर उपटली. बाईचा आवाज हॉलभर. ती दहाव्या नावावर होती, मग अकरावं, आणि पुढं पेन्शनची कागदपत्रं सुरू. कुणीतरी हसलं.
आण्णांनी चाचपडत दोनदा टिचकी मारली. थांबली. बोट वर नेलं, सहाव्या नावावर. तिनं म्हटलं आणि मागोमाग आण्णांनी पण म्हटलं, आडनावासकट. मग सातवं. शेवटपर्यंत असंच. मोबाइल लपवला नाही, तोंडासमोरही धरला नाही.
सगळे बसल्यावर म्हणाले, "दिसत न्हाई मला. दीड वरीस. काम आडलं आसंल कुणाचं तर सांगा."
काकांनी टेबलावरच्या दप्तराकडं बघितलं. "चिटणीसपदाचं फुडच्या बैठकीत बघू," म्हणाले.
वहिनी मागं उभी होती. तिला आजच कळलं.

२३ फेब्रु., सोम. सांगली
सकाळी प्रेसमध्ये असताना आण्णांचा फोन. म्हटलं काळजीत असतील.
"मंगे, फुडल्या बैठकीची नोटीस काका तुझ्याकडं धाडतील. कागद वाटायच्या आदी पानावर टाक. माझ्याबद्दल काय लिवलंय ते माझं मी वाचनार."
टाकते म्हटलं. नोटीस अजून आलेली नाही.