कोबीच्या बुडावरची निळी फुली

४ फेब्रुवारी

ती. ताईस, बोक्याचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पायाच्या अंगठ्याची जखम भरतेय. रक्तातली साखर किती आहे ते विचारू नकोस. मी तिच्या वाटेला जात नाही, तीही माझ्या जात नाही.

बातमी अशी की, पालिकेने माझ्या दुकानात काचेच्या दाराचा मोठा फ्रीज फुकट बसवलाय. अट एकच, आत फक्त भाजी आणि फळं ठेवायची. आमच्या वस्तीतून ताजा टोमॅटो आणायचा तर दोन बस बदलाव्या लागतात, आणि माझ्याकडे चिप्स, बिस्किटं नि बाटलीतलं रंगीत पाणी एवढंच मिळतं, हे म्हणे त्यांच्या पाहणीत आढळलं. मला विचारलं असतं तर चहा पाजून सांगितलं असतं.

पहिल्या आठवड्यात इमानेइतबारे पालक, गाजरं, फरसबी आणली. लोक आले, पालक बघून गेले आणि चिप्स घेऊन गेले. पालकाने मान टाकली. आता पुढे तीन कोबी मांडलेत आणि त्यांच्या मागे थंड बाटल्या. कोबीसारखी समजूतदार भाजी नाही. दर सोमवारी वरचं एक पान सोललं की पुन्हा नवी नवरी. मंगळवारी तपासनीस बाई येते. एवढीशी पोर, पण चष्म्यावरून बघते. कोबी उचलते, फॉर्म भरते, जाते.

लोभ आहेच, तो या पत्रानंतर कमी करू नकोस.

तुझा,
बोका

११ फेब्रुवारी

चि. बोक्यास अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

कोबीला काय नटवतोस? लाज वाटत नाही? इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं काढली, मला भाजीचं शहाणपण शिकवू नकोस.

तुझ्याच माडीवर शिवणाच्या कारखान्यातल्या बायका राहतात ना? दिवसभर मशीनवर वाकून आलेली बाई, चार खोल्यांत मिळून एक शेगडी. ती अख्खा कोबी घेऊन काय करेल, उशाला घेईल? भाजी नको असते असं नाही रे, हातात सुरी धरायचं त्राण नसतं. तू चीर. धुऊन, चिरून, एका कढईपुरती भाजी एकेका पिशवीत भर. फरसबीचे दोर काढायला विसरू नकोस, लहानपणी मुद्दाम ठेवायचास.

आणि पहिली पिशवी तू स्वतः शिजव. तुझी बायको गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून तू चहा-बिस्किटांवर आहेस हे मला कळत नाही असं समजू नकोस. मागे अंगठा काळा पडला होता तेव्हा मी आठवडाभर झोपले नव्हते. मला एकच भाऊ आहे आणि तो दोन्ही पायांवर उभा हवा आहे.

रागावलास तरी चालेल, पत्र मात्र टाक.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पकडलो गेलो. गेल्या आठवड्यात मंगळवारी त्या तपासनीस पोरीने कोबी उलटा करून माझ्यासमोर धरला. बुडाला पेनाने काढलेली बारीक निळी फुली. तिन्ही कोबींना. पहिल्याच भेटीत तिने खूण करून ठेवली होती आणि दर मंगळवारी आपलीच खूण बघून जात होती! मी पानं सोलत बसलो, बूड कोण बघतो? ओरडली असती तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाली की चार आठवड्यांनी शेवटची तपासणी, तेव्हा आत भाजी दिसली नाही तर फ्रीज दुसऱ्या वस्तीत जाईल. आधी हसू आलं. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर चिरायला बसलोय. माझी गाजरं बघून शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला की हे सरपण आहे का, आणि दोन पिशव्या घेऊन गेला. माडीवरच्या मशीनवाल्या बाईंनी एक नेली, दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणी घेऊन आल्या. दोर निघाले नव्हते ते सांगायला. चारही जणी पिशव्या घेऊन गेल्या.

तुझी दुसरी अट मात्र राहिली. एकट्यासाठी कढई काढायची म्हणजे हात पुढे होत नाही, ताई.

सांभाळून घे.

तुझा,
बोका

१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल शेवटची तपासणी झाली. तपासनीस बाई चारला आली आणि फ्रीज रिकामा! सगळ्या पिशव्या दुपारीच संपल्या होत्या. मी छाती काढून सांगितलं. तिचा चेहरा पडला. फॉर्ममध्ये प्रश्न एकच, भाजी आहे की नाही. संपली असं लिहायला जागाच नाही. खोटं बोललो तेव्हा तीन कोबी हजर होते, खरं बोललो तर दाखवायला पान नाही.

ड्रायव्हरने माडीकडे तोंड करून बोंब ठोकली. पाच मिनिटांत बायका जिन्यावरून धावत आल्या, आपापल्या पिशव्या परत घेऊन. कोणी अर्धी, कोणी न उघडलेली. फ्रीज भरला. तपासनीस बाई एकेक पिशवी उलटी करून बघत होती आणि हसू दाबत होती.

मशीनवाल्या बाईंची भाजी मात्र शिजून झाली होती. त्या कढईच घेऊन आल्या आणि फ्रीजमध्ये ठेवायला लागल्या. तपासनीस म्हणाली की शिजलेली चालत नाही. मग बाईंनी कढई माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या की तुम्ही आम्हाला महिनाभर चिरून देताय, स्वतः काय खाता ते रोज कचऱ्यात दिसतं.

काउंटरमागे उभ्याने खाल्ली. गरम होती. ही गेल्यापासून घरची भाजी पहिल्यांदाच. रडलो, ताई, सगळ्यांसमोर. दोर याही वेळी राहिले होते.

फ्रीज राहिला. जाताना तपासनीस बाईने अंगठ्याचं विचारलं. ड्रायव्हरने चुगली केली असणार. मग माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात निळी फुली मारली आणि त्या दिवशी साखर तपासून कागद दाखवायला सांगितलं. उद्या गुरुवार. जातोय. त्या फुलीला फसवायचा प्रयत्न एकदा करून झालाय.

चापट परत घे, आशीर्वाद राहू दे.

तुझा,
बोका