ग्रॅनाइट म्हणून विकलेला कडप्पा

बाबा, तुम्ही आत्याला कडप्पा विकलात. ग्रॅनाइट म्हणून विकलात. सख्ख्या धाकट्या बहिणीला, जी दर भाऊबीजेला तुम्हाला ओवाळायची आणि ओवाळून झाल्यावर वर तुमच्याच पाया पडायची. आज तुम्ही समोर असता तर मी आधी पाणी विचारलं असतं, मग बसवलं असतं आणि मग असं काही सुनावलं असतं की शेजाऱ्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं असतं. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काचसुद्धा बदलून झाली. तेव्हा लिहिते. ज्याच्यावर राग निघायला हवा तो हयात नाही, एवढ्यावरून त्याला सूट द्यावी असं मला वाटत नाही.

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. तिच्या नातीचं लग्न ठरलंय, मुलाकडची माणसं सुदामा नगरच्या घरी येणार आहेत, आणि आत्याला रंगाची, पडद्यांची, कशाचीच फिकीर नव्हती. होती ती फक्त बाथरूममधल्या बेसिनच्या काळ्या काउंटरची. "बेटा, कुणी पॉलिशवाला घेऊन ये नं. त्या दगडाची मी जी हालत करून ठेवलीये, ती पाहून लोक काय म्हणतील? दादानं इतक्या प्रेमानं ग्रॅनाइट लावून दिला होता." मी पॉलिशवाल्याला घेऊन गेले. आत्यानं काउंटरवरचा जाड टॉवेल उचलला, त्याखालचं प्लास्टिक काढलं आणि मान फिरवून स्वयंपाकघरात निघून गेली. मी तो दगड पहिल्यांदाच उघडा पाहत होते. काळ्यावर पांढुरके डाग, तांब्याच्या बुडाची वर्तुळं, ताम्हनाचं मोठं वर्तुळ. पॉलिशवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं खिशातून किल्ली काढून कडेला रेघ ओढली, रेघ पांढरी उमटली, तसा तो हसला. "मैडम, ये ग्रेनाइट नी है. कडप्पा है. पालिस मार के, तेल पिला के किसी ने टिका दिया इनको." मी म्हटलं, शक्यच नाही, हा माझ्या वडिलांनी दिलेला आहे. त्यावर त्यानं किल्ली पुसून खिशात ठेवली, आणि ते मला फार लागलं.

मी लिंबाची फोड आणली. भिंतीलगत, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता आणि दगड अजून काळाभोर होता, तिथे एक थेंब पिळला. ही परीक्षा मला कुणी शिकवली, बाबा? कापडाची मिल बंद झाल्यावर तुम्ही रिंग रोडवरच्या दगडाच्या दुकानात लागलात, त्या हिवाळ्यात, आत्याचं बाथरूम व्हायच्याही आधी, तुम्हीच शिकवलीत. अजून दिसतं मला. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसलाय, समोर नमुन्याचे तुकडे, हातात लिंबू. "हा संगमरवर. लिंबाचा थेंब पडला की बारीक फसफसतो आणि चमक जाते. ग्रॅनाइटला दाणा असतो, उजेडात धर, साखरेसारखा चमकतो. त्याला लिंबू लाव नाहीतर चिंच, ढिम्म. आणि हा आपला ओट्याचा कडप्पा. पॉलिश करून तेलाचा हात फिरवला की ग्रॅनाइटचा भाऊ वाटतो, पण लिंबानं पांढरा पडतो, आणि यात दाणा शोधून दाखव!" जो दगड पाण्याचा थेंब पितो, तो हळद, मेंदी, केसांचं तेल सगळंच पितो, म्हणून बेसिनभोवतीचा दगड ओला ठेवायचा नाही, साबणाची वडी नुसत्या दगडावर ठेवायची नाही, साध्या साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडा करायचा आणि ऍसिडची बाटली त्याच्या आसपाससुद्धा आणायची नाही. मी ते सगळं पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. आत्याच्या बाथरूममध्ये मी तो थेंब पुसला तेव्हा खाली फिकट ठिपका पडला होता. दाणा कुठेच नव्हता. म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं, फसगत झाली, दुकानाच्या शेठनं तुम्हालाही बनवलं, असं म्हणायची सोयसुद्धा तुम्ही माझ्यासाठी ठेवली नाहीत.

आणि हे कुणी करावं? मिलमध्ये तुमचं कामच मुळी दोष हुडकायचं. तिरक्या टेबलावरून कापड सरकत यायचं आणि तुम्ही लाल खडू घेऊन उभे. तुमच्या हाताखालून तुटक्या धाग्याचा तागा कधी पुढे गेला नाही, हे तुमचे मिलमधले दोस्त आमच्या ओसरीवर बसून चहा पिताना सांगायचे आणि मी दारामागून ऐकताना ताठ व्हायचे. शाळेच्या शिवणाच्या तासाला मी एक रुमाल केला होता. गाठी दुमडीत लपवल्या होत्या, वरून सुरेख दिसत होता, बाईंनी शाबासकीही दिली होती. तुम्ही तो बोटांत धरून दुमड चाचपलीत आणि सगळा उसवायला लावलात. "आतली बाजू दिसत नाही म्हणून काय झालं? वापरणाऱ्याला टोचतेच." मी रडत रडत उसवला. जेवायला वाढलेलं ताट गार झालं, आई मध्ये पडली, तरी तुम्ही ऐकलं नाहीत. एका रुमालापायी एवढा तमाशा करणारा माणूस बहिणीच्या बाथरूममध्ये खोटा दगड बसवतो, आणि गवंडी सिमेंट लावत असताना शेजारी उभा राहतो. कसा राहतो, हे मला कळत नाही.

दिवस कसे होते ते मला सांगू नका, मी त्याच घरात होते. भोंगा वाजायचा बंद झाला तरी तुम्ही त्या वेळेला उठून दाढी करून बसायचात. मिलच्या फाटकासमोरच्या धरण्याच्या तंबूत जाऊन बसायचात. तिकडे शहरात नुसती धूम. बाजार खुला झाला म्हणे, नव्या कॉलन्या, नवे बंगले, जो तो बाथरूमला दगड लावतोय, आणि इकडे ज्या माणसांनी या शहराला कापड नेसवलं ती सुपारीच्या चुऱ्यासारखी गल्लोगल्ली विखुरलेली. कुणी चौकीदार, कुणी पोह्यांच्या ठेल्यावर. तुम्हाला शेठनं ठेवून घेतलं ते दगडातलं कळतं म्हणून थोडंच? "भिया, मराठी लोगों में आपकी खूब पहचान है, उनको लाओ दुकान पे." म्हणजे तुमच्या भलेपणाचाच त्यानं माल केला. त्या शेठचा मला राग आहे. मिलला कुलूप ठोकून निघून गेलेल्यांचा त्याहून जास्त आहे. पण तो सगळा राग मी आजवर तुमच्या बाजूनं केला, बाबा. सासरी, नोकरीत, जिथे विषय निघेल तिथे सांगत आले की माझ्या वडिलांची नोकरी गेली, पण त्यांनी कुणाला फसवलं नाही. आता हे वाक्य मी कुठे नेऊन ठेवू?

बरं, विकला तर विकला. दुकानात पडून राहिलेला माल काढायचा होता, नोकरी नवी होती, शेठ मानेवर बसला होता, हे सगळं मी एक वेळ गिळेन. पण पुढचं? आत्याचे यजमान नुकतेच गेले होते, शाळेत शिवण शिकवून तिनं ते बाथरूम करून घेतलं होतं. सारा जन्म कडप्प्याच्या ओट्यावर गेला, आता घरात एक तरी ग्रॅनाइट असू दे, एवढीच तिची हौस. याला जपायचं कसं, असं तिनं तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही म्हणालात, "जपायचं काय त्यात? ग्रॅनाइट आहे, कशानंही घास." तिनं शब्द प्रमाण मानला. सणावाराला ताम्हन, तांब्या, समया, सगळे पितळी देव घेऊन ती बेसिनपाशी उभी राहायची आणि चिंच लावून घासायची, देव तिथेच दगडावर मांडून ठेवायची. देव लखलखले आणि दगड पांढरा पडला. ओट्यावर असे डाग पडतात हे तिलाही ठाऊक होतं, पण ग्रॅनाइटवर पडले म्हणजे आपल्याच हातून काहीतरी भलतं झालं, असं तिनं धरलं. घाबरून तुम्हाला बोलावलं. तेव्हा बाथरूममध्ये फक्त तुम्ही दोघं होतात. शेठ नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. ते सोडून तुम्ही काय बोललात ते आत्यानं मला इतक्यांदा सांगितलंय की तुमच्या आवाजात ऐकू येतं. "काय हे! चांगल्या दगडाची पार वाट लावलीस. अशी कशी गं तू धसमुसळी?" धसमुसळी! जिच्या हातची काजं बघायला दुसऱ्या शाळेतल्या बाया यायच्या, ती.

त्या दिवसापासून दगडावर टॉवेल आला. नातवंडांनी दात घासायचे ते मागच्या अंगणात. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावलेली पोरं थंडीत कुडकुडत मागच्या नळाखाली बसायची, कारण तेलाचा हात त्या दगडाला लागता कामा नये. सून वैतागायची, तिचंही बरोबरच होतं. आणि तुम्ही भाऊबीजेला यायचात, जेवायचात, आणि हात धुवायला उठून सरळ मागच्या नळावर जायचात. बेसिनकडे वळायचासुद्धा नाहीत. आत्या दारात टॉवेल घेऊन उभी राहायची आणि तुम्ही गेल्यावर मला हळूच म्हणायची, "दादा अजून रागावलाय. विसरला नाहीये." तुम्ही गेलात तेव्हा तेराव्याला ती मला म्हणाली होती, माझ्यावरचा राग मनात ठेवूनच गेला गं. मी तिची समजूत काढली होती. काय समजूत काढली होती मी, माझं मलाच आठवत नाही.

तर मी पॉलिशवाल्याला तिथेच थांबवून स्वयंपाकघरात गेले. आत्या मेथी निवडत होती. "काय म्हणाला गं? सुधरेल?" मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दगड कडप्पा आहे, बाबांना माहीत होतं, चिंचेनं तो पांढरा पडणारच होता, तुझा काडीचा दोष नव्हता. आत्यानं चष्मा काढला. पदरानं पुसला, पण परत लावला नाही.

"म्हणजे दादा माझ्यावर रागावला नव्हता?"

"आत्या, त्यांनी तुला फसवलं!"

"ते ऐकलं मी, बहिरी थोडीच आहे. मतलब तो मागच्या नळावर जायचा, तो लाजून जायचा." आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता तिचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. "बिचारा! इतके साल मनात घेऊन फिरला."

"बिचारा? कोण बिचारा?"

"अगं, पोटासाठी केलं त्यानं. मला सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, दे बाबा कडप्पा, काळा तर काळा." मग तिनं तिथूनच आवाज दिला, "भैया, कडप्पा है तो कडप्पे जैसाच चमका दो!" आणि तो टॉवेल उचलून धुवायच्या कपड्यांत टाकला.

झालं. सुटलात तुम्ही. माफीसुद्धा मागावी लागली नाही. जिनं सगळं सोसलं तिनं मेथी निवडता निवडता तुम्हाला मोकळं केलं, आणि मी इथे बसून पानं भरतेय. हे पत्र तिला दाखवायचीही सोय नाही, बापाला असं लिहितात का म्हणून मलाच दटावेल. कपाटात ठेवलं तर कुणाच्या तरी हाती लागेल. तेव्हा लिहून झालं की फाडेन. पण त्याआधी एक सांगते, कारण आतली बाजू तुम्ही चाचपून बघालच. आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला, तेव्हा मी तुमच्यावर संतापलेली वगैरे काही नव्हते. मी मनात म्हणत होते, देवा, हिनं बाबांना माफ करू दे. ती "बिचारा" म्हणाली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की खाली बसावं लागलं. राग नंतर आला, घरी परत येताना.