सतरा क्रमांकाच्या उंदरीस जिवंत धरण्याबाबत

प्रति,
मा. साठा व निर्लेखन अधिकारी,
रक्त व वार्धक्य संशोधन संस्था,
मोन्तेविदेओ.

विषय : सतरा क्रमांकाची उंदरी हयात असल्याचे मान्य करून शुक्रवारचे निर्लेखन रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपले ‘दोन वर्षांवरील साहित्य बाद करणे’ हे परिपत्रक. २) खिडकी क्रमांक चारवर मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

केटलीचे झाकण आत्ताच खडखडले आणि दुपारची शांतता मोडली. माझी पाच वर्षांची मुलगी हासिंता अजून निजलेली आहे. ती उठायच्या आत अर्ज पुरा करायचा असल्याने अक्षर धावते आहे, तरी क्षमा असावी.

मी आपल्याच संस्थेत रक्ताच्या कर्करोगावर काम करते. सुरुवात रुग्णालयात रक्ताचे नमुने गोळा करण्यापासून झाली. तिथे दिसे की एकाच वयाच्या, एकाच आजाराच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक महिन्याभरात जातो आणि दुसरा नातीच्या लग्नात नाचतो. असे का, हे शोधता शोधता मी आधी प्रतिकारशक्तीकडे वळले, मग म्हातारपणाकडे. तेव्हापासून उंदीर म्हातारे होण्याची वाट पाहणे हीच माझी नोकरी आहे. सतरा क्रमांकाच्या उंदरीला कर्करोगाच्या पेशी टोचल्या त्याला वर्ष होऊन गेले. तिच्या बरोबरीच्या सगळ्या गेल्या. ही अजून चाकावर धावते. तिचे म्हातारे रक्त रोगाला कसे थोपवते, हे आता कुठे कळायच्या बेतात आहे.

परंतु आपल्या कार्यालयाने तिची नोंद खुर्च्या व पंख्यांसोबत केल्यामुळे तीही बाद ठरली. मी हरकत घेताच आपण मोठ्या मनाने बदली उंदीर देऊ केलात. तो सहा आठवड्यांचा आहे, असे मी नम्रपणे कळवले. त्यावर ‘सदर उंदरास कागदोपत्री अडीच वर्षांचा समजण्यास या कार्यालयाची हरकत नाही’ असे उत्तर आले. महोदय, हरकत त्याच्या रक्ताची आहे.

नंतर सुचवण्यात आले की, संस्थेच्या निवृत्त सेवकांप्रमाणे उंदरीनेही खिडकीवर स्वतः येऊन हयातीचा दाखला द्यावा. तिला बाहेरची हवा सोसत नाही म्हणून त्या दिवसाच्या वर्तमानपत्रासह काढलेले छायाचित्र चालेल, असे ठरले. ते घेऊन मी रांगेत उभी राहिले. पुढे निवृत्त परिचारिका दोन्या इर्मा ‘माते’ या आमच्याकडच्या कडू चहाचे घुटके घेत उभ्या होत्या. कोणाचा दाखला, म्हणून त्यांनी विचारले. माणसाच्या हिशेबाने उंदरी नव्वदीला आली आहे, असे मी सांगितले.

“म्हणजे माझ्याहून थोरली. हो गं बाई पुढं,” त्या म्हणाल्या आणि सगळ्या रांगेने मला वाट दिली.

खिडकीतले श्री. ओलिवेरा यांनी छायाचित्र उलटसुलट करून तारीख कुठे आहे, असे विचारले. वर्तमानपत्राचा तो कोपरा उंदरीने खाल्ला होता. तसे मी सांगितले.

“मग ती जिवंत कशावरून?”

“मेलेली कशी खाईल, ओलिवेरा?”

“खाल्लं हे दिसतंय, डॉक्टरीणबाई. कधी खाल्लं, त्याची तारीख कुठंय?”

मागून दोन्या इर्मांनी, तीस वर्षे ओळखतोस तरी दरवर्षी मलाही हेच विचारतोस, असे त्यांना सुनावले. त्याचा परिणाम झाला नाही. छायाचित्र पुन्हा काढून देण्याची तयारी मी दाखवली, पण दाखल्याची संधी वर्षातून एकदाच असते आणि उंदरीला पुढचे वर्ष नाही. नाकारलेला दाखला म्हणजे मृत्यू, असा नियम असल्याने शुक्रवारी तिला, म्हणजे कागदोपत्री तिच्या अवशेषांना, विल्हेवाटीसाठी नेण्यात येणार आहे.

तरी विनंती की, त्याआधी आपण स्वतः प्रयोगशाळेत येऊन तिला पाहावे. जाळीला बोट लावल्यास ती चावते. ती खूण ताजी असेल आणि तारीख आपणच घालू शकाल.

आपल्या पायरवाची वाट पाहणारी,
डॉ. नोएलिया बेन्तांकोर

सोबत : छायाचित्र (तारखेविना), कुरतडलेले वर्तमानपत्र, दोन्या इर्मांची साक्ष.

ता. क. : हासिंता उठली. तिच्या ‘सतराआजी’विषयीचा हा अर्ज तिला वाचून दाखवावा लागला. त्यावर तिने विचारलेला प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नसल्याने जसाच्या तसा आपल्याकडे पाठवीत आहे :

“आई, त्या साहेबांच्या घरी कुणीच म्हातारं नाहीये का?”