वरच्यांच्या आवाजाचा पुरावा

२ फेब्रुवारी, रविवार

बायको आज बहिणीकडे गेली. बॅग मोठी नेली. म्हणाली, या घरातला आवाज आता सहन होत नाही, चार दिवस शांत झोपायचंय.

बरोबर आहे तिचं. वरचे लोक माणसं आहेत की हत्ती? खुर्च्या ओढतात काय, भांडी आपटतात काय. मी तिला म्हणालो, वरच्यांना आता सरळच करतो. तिने बॅगेची चेन ओढली. म्हणजे तिला पटलं.

ठरलं. १६ तारखेला इमारतीची मीटिंग आहे. तिथे तोंडी तक्रार करून उपयोग नाही, सेक्रेटरी ऐकून घेतात आणि चहा मागवतात. पुरावाच टेबलावर आदळायचा. गेल्या वर्षी कुंड्यांना आपोआप पाणी घालायला म्हणून एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणला होता. (कुंड्या गेल्या. दोष रोपांचा.) त्याला माइक जोडायचा, मेमरी कार्ड जोडायचं. आवाज वाढला की वेळ आणि आवाजाची पातळी कार्डावर. दोन दिवसांचं काम.

हे सगळं शांतपणे करायचं. मी मुळात शांत माणूस. आवाज जरा खणखणीत आहे, तो वडिलांकडून आलेला.

३ फेब्रुवारी

कार्ड बसवायची पट्टी आणि नवंकोरं कार्ड आणलं. सहा तारा. व्हिडिओतला पोरगा म्हणतो दहा मिनिटांत होतं.

दुपारी चार. स्क्रीनवर एकच ओळ: कार्ड नाही किंवा चालत नाही. अरे, नाही काय नाही? समोर बसलंय ना खोबणीत! काढलं, पुसलं, परत घातलं. कार्ड नाही. टेबलावर मूठ आपटली. कार्ड नाही.

साडेचार. खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून गेल्या. फार आवाज येतोय, सगळं ठीक ना, असं विचारत होत्या. बघा! वरच्यांचा दणका दोन मजले खाली पोचतोय! मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी जिन्यापर्यंत सोबत जाऊन. त्यांनी भराभर मान डोलावली आणि लगबगीने खाली गेल्या. एक साक्षीदार पक्का.

४ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. पट्टीवर दोन खुणा आहेत, मिसो आणि मोसी. कोणी ठेवली ही नावं? एक बोलण्याची तार, एक ऐकण्याची. आता एकाने बोलायचं ते दुसऱ्याने ऐकायचं, म्हणून मी तारा तिरक्या लावल्या. साधा व्यवहार आहे. व्हिडिओतला पोरगा सरळ लावत होता, त्याला काय कळतंय.

संध्याकाळी लेक तिच्या खोलीतून पाणी प्यायला बाहेर आली. ती घरूनच ऑफिसचं काम करते, कानाला दिवसभर हेडफोन. एक कान मोकळा करून म्हणाली, बाबा, या दोन उलट झाल्यात, इथे सारख्या नावाला सारखं नाव लावतात. मी म्हणालो, माहितीये, टेस्टिंग चाललंय. तिने हेडफोन परत लावला.

सरळ केल्या. तरीही कार्ड नाही! म्हणजे तारांचा प्रश्न नव्हताच. माझंच बरोबर होतं.

५ फेब्रुवारी

दुकानदाराला फोन केला. तो म्हणे, साहेब, तुम्ही एवढं मोठं कार्ड नेलंत, त्या बोर्डाला छोटं लागतं, जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं. मग देताना तोंड शिवलं होतं का तुझं? हे मी त्याला विचारलं. नीट ऐकू जावं म्हणून दोनदा विचारलं. त्याने फोन ठेवला. हल्ली गिऱ्हाइकाशी बोलायची रीतच राहिली नाही.

कपाटात बायकोचा जुना कॅमेरा होता. त्यातलं छोटं कार्ड काढलं. लेकीने आधी त्यातले फोटो तिच्या लॅपटॉपवर घेतले, मग कार्ड माझ्या हातात दिलं. विश्वास म्हणून नाही.

फॉरमॅट केलं. घातलं. कार्ड सापडलं! फाइल तयार झाली! मी असा ओरडलो की कबुतरं उडाली. आनंदाचं ओरडणं वेगळं.

६ फेब्रुवारी

फाइल रिकामी. अख्खा दिवस यंत्र चालू, आणि आत एक अक्षर नाही. शून्य. दातओठ खात शोधलं, तेव्हा कळलं की लिहून झाल्यावर फाइल बंद करावी लागते, नाहीतर कार्डावर काही उतरतच नाही. हे कोणी आधी सांगायचं? सगळं जग मूग गिळून बसलंय.

बायकोचा फोन. घर कसं आहे म्हणाली. मी दुकानदार, कार्ड, मिसो, मोसी, सगळं सविस्तर सांगितलं. मध्येच मेहुणीचा आवाज आला, फोन स्पीकरवर आहे का ग? बायको म्हणाली, नाही. मग मला म्हणाली, घर शांत झालं की येईन.

शब्द दिला. सोळा तारखेला शांतता, तीही पुराव्यासकट.

८ फेब्रुवारी, शनिवार

चालू! हॉलच्या मधोमध, छताच्या हुकाला टांगलं, बरोब्बर वरच्यांच्या हॉलखाली. घड्याळ त्यात नाही, आत्ताची वेळ मीच भरून दिली. आणखी एक युक्ती केली आहे. कार्डावर नोंद झाली की लाल दिवा लुकलुकतो. आता पळून जाल कुठे?

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठ. दूध उतू गेलं. दुधाला काय कळतं, पण बोललोच. तेवढ्यात दिवा लुकलुकला. माझ्या दुधाचं वाटोळं होतंय त्याच क्षणी यांची आदळआपट!

अकरा. विजेच्या ऑफिसला फोन. आधी हे बटण दाबा, मग ते दाबा. शेवटी एक बाई आल्या, त्यांना समजेल अशा आवाजात बोललो. दिवा सारखा लुकलुकत होता. निर्लज्ज.

१२ फेब्रुवारी

दुपारभर स्टुलावर बसून दिव्यावर नजर ठेवली. श्वाससुद्धा जपून घेतला. एकदाही लुकलुकला नाही. त्यांना सुगावा लागलेला दिसतो. दबा धरून बसलेत.

शेवटी संध्याकाळी डोकं फिरलं. छताकडे बघून म्हणालो, हिंमत असेल तर करा आवाज! लगेच लुकलुकला. सापडले!

लेक दारात उभी होती. म्हणाली, बाबा, मीटिंगच्या आधी एकदा वेळा नीट बघून घ्या. मी म्हणालो, वेळा कशाला, पातळी बघ. ती काहीतरी बोलणार होती. मी तिला पातळी समजावून सांगितली. ती आत गेली.

१५ फेब्रुवारी

आलेख छापून आणला. लाल रेघा ताडासारख्या. छाती फुगली. उद्या अगदी हळू आवाजात बोलायचं. पुरावा असला की आवाज लागत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सायंकाळी सहा.

मीटिंग झाली.

आलेख टेबलावर ठेवला. सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि तारखा वाचल्या. मग म्हणाले, पण वरचे सात तारखेपासून गावाला गेलेत हो. चावी माझ्याकडे आहे, झाडांना पाणी मीच घालतो.

मग खालच्या काकू चाचरत म्हणाल्या, त्या दिवशी मी तुमच्याच घराबद्दल विचारायला आले होते. वहिनी बॅग घेऊन जाताना दिसल्या होत्या ना, काळजी वाटली.

मी चार शब्द सुनावले. यंत्र स्वस्तातलं आहे, माइक तर त्याहून स्वस्त, असंही सांगितलं. चहा न घेता वर आलो.

सायंकाळी सात.

आलेख परत काढला. सोमवारी आठ. सोमवारी अकरा. बुधवारी संध्याकाळी. बाकी सगळं सपाट. मी लेकीच्या खोलीचं दार ढकललं. ती हेडफोन लावून काम करत होती. हे हेडफोन तिने कधीपासून लावले ते आठवायला गेलो, आठवलं नाही. दार लोटून घेतलं. राग येतोय, भयंकर येतोय, पण कोणाचा ते लिहायला जमत नाहीये.

सायंकाळी साडेसात.

बायकोचा फोन. मीटिंगचं काय झालं म्हणाली. मी सांगितलं, वरचे गावाला गेलेत. ती म्हणाली, मला माहितीये, निघताना त्यांनी मला फोन केला होता. मग तिने विचारलं, घर शांत आहे? मी म्हणालो, आहे. अगदी हळू म्हणालो. दिव्याकडे बघितलं, दिवा गप्प होता.

ती म्हणाली, बघते मग, पुढच्या आठवड्यात. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात का, उद्या का नाही? एवढंच विचारलं. साधं विचारलं.

तिने फोन ठेवला. वर दिवा अजून लुकलुकत होता. आता तेही कार्डावर उतरलं असणार. फाइल बंद करायला मीच शिकवलंय त्याला.