गाणं एकदाचं झालं

ता. ४ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागवायला इथे मी एकटा पुरेसा आहे. गायक बापाला नायक करून आपला पहिलाच संगीतपट काढायची दुर्बुद्धी मला कुठून सुचली, देव जाणे! लोक बाबांच्या गाण्यावर जीव टाकतात, म्हणून निर्मात्याने होकार दिला. आता तोच रोज माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतो.

गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालंय. सेटवर ते स्पीकरवरून वाजतं आणि बाबांनी नुसते ओठ हलवायचे. पण ज्या माणसाने जन्मात एक ओळ दोनदा सारखी गायली नाही, तो ओठ तरी सारखे कसे हलवणार? स्पीकरवर साधी ओळ चाललेली असते आणि इकडे बाबा डोळे मिटून नवीच हरकत घेतात. टेक वाया! मी ओरडलो की म्हणतात, मघाचीपेक्षा ही बरी होती. त्यातून शेवटच्या कडव्यात वरचा सूर मूळ ध्वनिमुद्रणातच चिरकलाय आणि पुन्हा गायला बसवलं तरी तो आता बाबांना लागत नाही. निर्मात्याने बजावलंय, शनिवारपर्यंत गाणं झालं नाही तर दिग्दर्शक दुसरा.

म्हणून बाबांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एका तरुण गायकाकडून अख्खं गाणं पुन्हा गाऊन घेतलंय. कुणाला कळायचं नाही. बाबांना सांगायचं धाडस मात्र होत नाही. तूही काही बोलू नकोस.

मुलांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ७ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हात शिवशिवले. कुणाला कळायचं नाही म्हणे! अरे, जिन्यावरच्या पावलांवरून आपल्यापैकी कोण आलं ते बाबा ओळखतात, ते स्वतःचा गळा ओळखणार नाहीत? लहानपणी काच फोडलीस की मला पुढे करायचास. या वेळी मी यायची नाही.

गाणं वाजायच्या आधी त्यांना एकटं गाठ आणि स्वतःच्या तोंडाने सांग. चिडतील, ताट बाजूला सारतील, अबोला धरतील. चालेल. पण चारचौघांत कळलं तर त्यांना ते आयुष्यभर सलेल. सिनेमा गेला तर दुसरा मिळेल रे.

आम्ही सगळे ठीक. वेळेवर जेवत जा. माझ्या बोलण्याचा राग धरलास तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी,
ताई

ता. १० जुलै

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाचं गाणं एकदाचं झालं. पहिल्याच टेकला.

स्पीकरवर पहिली ओळ आली आणि हा मी नव्हे, हे मला श्वासावरूनच कळलं. पोरगा छान गातो, गळा स्वच्छ आहे. समोर पाहिलं तर ध्वनिमुद्रक आपल्या बुटांकडे बघत होता आणि तुझा भाऊ कॅमेऱ्याआड. सगळ्यांना ठाऊक, परका तेवढा मी. असा संताप आला की चालू गाण्यातून उठून सरळ घरी निघावं. पण कोपऱ्यात निर्माता हाताची घडी घालून उभा होता, आणि तो कशाची वाट बघतोय हे आदल्या दिवशी मेकअपच्या खोलीत माझ्या कानावर आलं होतं. बापानेच पोराचा पहिला सिनेमा बुडवला, असं मला व्हायला नको होतं.

मग हलवले ओठ. सोपं गेलं गं. गाणं आपलं असलं की मध्येच काहीतरी सुचतं, गळा आवरत नाही. दुसऱ्याच्या गाण्यात काय सुचणार? शब्दन् शब्द जुळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझा भाऊ धावत आला, गळ्यात पडून रडला, पण बोलला काहीच नाही. मीही विचारलं नाही. मला फार लागलंय, ताई, आणि त्याच्यापुढे ते माझ्याने बोलवणार नाही.

तेव्हा एवढं तूच त्याला कळव. सिनेमाच्या पाट्यांत गायक म्हणून त्या पोराचं नाव घाल म्हणावं. माझं नटांमध्ये राहू दे. तेवढं काम मी केलंय.

तुझे,
बाबा